डेलिंजर मिलचे टपाल

शेनांडोआच्या खोऱ्यात, वुडस्टॉकच्या भोवतालच्या वस्त्यांवर जो कोणी वाढला, त्याच्या बालपणातील कितीतरी सकाळी व्हर्ना रिंकरच्या पाठीकडे पाहण्यात गेल्या होत्या. शाळेची पिवळी बस ती चालवीत असे. डोंगराच्या कुशीतली एकही वाट तिला अपरिचित नव्हती. जेथे आज गवतात केवळ एक दगडी धुरांडे उभे आहे तेथे कोणाचा संसार होता, कोणत्या ओढ्यावर कोणाची पाणचक्की फिरत असे, हे तिला मुखोद्गत होते. मुले मागे दंगा करीत आणि ती आरशात न पाहताच, "फ्रँकलिन, पाय खाली," असे म्हणे. ते पाय फ्रँकलिनचेच निघत.

निवृत्तीनंतर तिने बस सोडली, पण त्या वाटा सोडल्या नाहीत. त्या वाटांवरून शतकापूर्वी जे टपाल गेले, त्याचा ती संग्रह करीत होती. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण यांच्यातील यादवीत हे खोरे पुनःपुन्हा या हातातून त्या हातात गेले. सकाळी एका निशाणाचे टपाल, तर संध्याकाळी दुसऱ्याचे. त्या चार वर्षांतील पाकिटे, त्यांवरील तिकिटे, शिक्के, पोस्टमास्तरांच्या हाताने लिहिलेली गावांची नावे, हे व्हर्नाचे दैवत. मात्र तिचा देव्हारा लहान होता. दूरच्या प्रांतांची मौल्यवान पाकिटे इतरांनी जमवावीत; तिला हवी होती ती आपल्याच जिल्ह्यातली. जिल्ह्यात युद्धकाळी जेवढी म्हणून पोस्टे होती, त्या प्रत्येकाचे निदान एक पाकीट तिने मिळविले होते. अपवाद एकच, डेलिंजर मिल.

आणि हा अपवाद तिच्या जिव्हारीचा होता. डेलिंजर मिल हे तिच्या आजीचे माहेर. आजी सांगत असे की, तिचे वडील नोआ डेलिंजर हे तिथले नेमलेले पोस्टमास्तर. ते सैन्यात गेले आणि मागे तिची आई सॅरेप्टा हिने चक्की चालविली आणि टपालही चालविले. टपालाची थैली ती पिठाच्या कोठीत दडवी. शाई मिळेनाशी झाली तेव्हा अक्रोडाची हिरवी साले उकळून तिने तपकिरी शाई केली, आणि प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात गावाचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले. कारण लहान पोस्टांना धातूचा शिक्का कोण देतो? युद्धाच्या शेवटच्या शरदात घोडदळाने खोरे जाळले, त्यात चक्की गेली आणि पोस्टाचे सारे कागदही गेले. घरातली जी थोडी पत्रे उरली होती त्यांवरची तिकिटे पुढे एका उत्साही मामाने आपल्या वहीसाठी कात्रीने कापून घेतली आणि पाकिटे शेगडीत घातली. त्या काळी संग्राहक असेच असत. फूल खुडावे आणि झाड उपटून टाकावे, तशी त्यांची भक्ती.

तेव्हा आजीच्या शब्दापलीकडे पुरावा काही नव्हता, आणि शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी लॉवेल कॉफेल्ट नव्हता.

लॉवेल हा बी-बियाण्यांचा आणि पशुखाद्याचा दुकानदार, लुथेरन पंथाच्या ख्रिस्ती देवळातला कारभारी, आणि जिल्ह्यातील टपाल-संग्राहकांच्या मंडळाच्या मासिकपत्राचा संपादक, लेखक आणि टंकलेखक. व्हर्नाचा तो तीस वर्षांचा स्नेही, आणि तेवढ्याच वर्षांचा प्रतिस्पर्धी. जिल्ह्यातील पोस्टांवर त्याने लिहिलेल्या लेखात डेलिंजर मिलपुढे एकच वाक्य होते: युद्धकाळी हे पोस्ट बंद होते. व्हर्नाने आजीची हकिकत सांगितली की तो चष्मा पुसत म्हणे, "पाकीट दाखव." पुढे पुढे मंडळातील इतरांनाही तो विनोद झाला. व्हर्नाने हवामानाविषयी जरी काही विधान केले, तरी कोणीतरी कॉफी ओतताना म्हणे की पाकीट दाखव. ती हसण्यावारी नेई. पण घरी परतताना तिचा नवरा हार्मन याच्या लक्षात येई की गाडी नेहमीपेक्षा वेगाने चालली आहे.

वसंतात मंडळाचे प्रदर्शन भरत असे, गावच्या आगीच्या बंबखान्याच्या सभागृहात. बंब बाहेर अंगणात काढून ठेवीत आणि आत व्यापाऱ्यांची टेबले लागत. एका भिंतीशी बायका हॅम घातलेली, पावासारखी मऊ बिस्किटे आणि सफरचंदाची पाई विकीत. त्या वर्षी बाल्टिमोरहून ट्युक्सबरी नावाचा व्यापारी प्रथमच आला होता. त्याच्या पेट्या अस्ताव्यस्त होत्या, आणि अस्ताव्यस्त पेटी म्हणजे संग्राहकाला खजिन्याला कुदळ लागल्याचा आवाज. व्हर्नाने खुर्ची ओढली आणि पाकिटे चाळू लागली.

पेटीच्या मध्यावर तिच्या बोटांना एक जाडसर, किंचित फुगीर पाकीट लागले. हे उलटवलेले पाकीट आहे, असे बोटांनीच तिला सांगितले.

युद्धात दक्षिणेकडे कागदाचा दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी भिंतीच्या नक्षीदार कागदाची पाकिटे केली, हिशेबाच्या जुन्या पानांची केली. आणि तीही सरली तेव्हा आलेलेच पाकीट उसवून, आतली कोरी बाजू बाहेर करून, कणकेच्या खळीने पुन्हा चिकटविले. काटकसरी गृहिणी शर्टाची विरलेली कॉलर उलटवून शिवते, तसेच. अशा पाकिटाला दोन जन्म असतात. बाहेर दुसऱ्या प्रवासाचा पत्ता आणि तिकीट. आत, अंधारात, पहिल्या प्रवासाचा.

या पाकिटाची बाहेरची बाजू सुंदर होती. स्टॉंटनचा शिक्का पूर्ण गोल, दहा सेंटांचे निळे तिकीट, लेक्सिंग्टनच्या कोण्या बाईचा पत्ता. व्हर्नाने सवयीने दोन्ही कडा हलकेच दाबल्या, पाकिटाचे तोंड विलगले, आणि मडक्यात डोकवावे तशी ती आत डोकावली. आतल्या कोपऱ्यात तपकिरी शाई होती. अक्षरे अर्धीच दिसत होती, पण दिसत होती: "जर मिल." जिल्ह्यात मिल म्हणून संपणारी पोस्टे पुष्कळ होती. "जर मिल" म्हणून संपणारे एकच होते.

आणि येथेच तिच्या हातून ती चूक झाली, जी संग्राहकाखेरीज जगात कोणीही केली नसती.

या मंडळींत एक जुनी युक्ती आहे. ज्या वस्तूवर जीव जडला ती कधी हातात धरून बसायची नाही, कारण व्यापारी ग्राहकाचे डोळे वाचतो. ती निर्विकारपणे पेटीत परत ठेवायची, दुसऱ्याच एखाद्या पाकिटाची आस्थेने चौकशी करायची, आणि उठता उठता, जणू आताच आठवले म्हणून, "हेही असू द्या," असे म्हणायचे. व्हर्ना या कलेत निष्णात होती. तिने ते पाकीट परत ठेवले, जांभई आवरल्यासारखे केले, आणि गरुडाचे चित्र असलेले उत्तरेकडचे एखादे पाकीट आहे काय, असे ट्युक्सबरीला विचारले. तो बिचारा मोठ्या तत्परतेने टेबलाखाली वाकला.

तो वाकला असतानाच तिच्या खांद्यावरून एक हात आला. मनगटावर बियाण्यांच्या कंपनीने भेट दिलेले घड्याळ. तो हात लॉवेलचा होता. स्टॉंटनचा शिक्का त्याला लांबून दिसला होता आणि स्टॉंटन हा त्याचा हळवा कोपरा. त्याने पाकीट उचलले, खिडकीच्या उजेडात धरले, मान डोलावली आणि खिशात हात घातला.

या लोकांत नियम एकच, आणि तो अनुल्लंघनीय. पेटीत आहे तोवर पाकीट सर्वांचे. ज्याच्या हाती आले, त्याचे. व्हर्नाच्या हाती ते होते, आणि तिने स्वहस्ते ते सोडले होते. ट्युक्सबरी गरुडाची तीन पाकिटे घेऊन वर आला, तेव्हा तिने त्यांतले सर्वांत कुरूप विकत घेतले आणि ती पाईच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

हार्मन तेथे बिस्किट खात होता. आयुष्यभर सफरचंदाच्या बागा राखलेला हा माणूस. त्याला टपालातले काही कळत नसे आणि ते तो अभिमानाने सांगे. बायकोचा चेहरा पाहून त्याने घास थांबविला.

"काय झालं? मोहोरावर गारा पडल्यासारखं तोंड केलंयस."

तिने खालच्या आवाजात सारे सांगितले. हार्मन विचारपूर्वक चावत राहिला.

"म्हणजे तुला हवं होतं म्हणून तू ते खाली ठेवलंस."

"तसंच करतात, हार्मन."

"बरं झालं बाई, मला बागेत मागणी घातलीस तेव्हा हे शास्त्र तुला ठाऊक नव्हतं."

"मागणी तू घातली होतीस."

"तेच तर. मी काही परत ठेवलं नाही."

ती हसली असती. पण समोरून लॉवेलच येत होता, प्रसन्न, पाकीट पारदर्शक वेष्टनात घालून छातीशी धरून. त्याला आपली खरेदी दाखवायची होती, आणि त्याहून अधिक काही हवे होते. व्हर्नाजवळ एक पाकीट होते. त्यावर दक्षिणेचे पहिले, सात चांदण्यांचे निशाण छापलेले होते. ते लॉवेल कित्येक वर्षे मागत होता आणि ती देत नव्हती. आज त्याला उदारतेची लहर आली.

"असं कर, व्हर्ना," तो म्हणाला. "तुझं ते निशाणवालं मला दे आणि हे घेऊन जा. स्टॉंटनची माझ्याकडे आणखी आहेत. तू मघाशी हे चाळत होतीस, पाहिलं मी."

देव एखाद्याची परीक्षा घेतो तेव्हा तो प्रश्नपत्रिका अशीच, कॉफीच्या टेबलावर, सहज सरकवितो. नुसती मान हलविण्याचा अवकाश होता. निशाणाचे पाकीट आत्ता देते म्हटले की आजीचे माहेर तिच्या पर्समध्ये येत होते, आणि लॉवेलला घरी गेल्यावरही काही कळले नसते. व्यापाऱ्याच्या पेटीत आपल्या डोळ्यांनी जे टिपले ते आपले. त्यात अधर्म नाही, असे सारेच मानतात. पण मित्राच्या हातातील वस्तूत आपल्याला जे दिसले आणि त्याला दिसले नाही, ते सांगायचे असते. हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही. लिहिलेले नाही म्हणूनच ते मोडता येत नाही.

आणि सांगितले, तर? लॉवेलने आजवर एकही उलटवलेले पाकीट उघडले नव्हते. त्याविषयी त्याचे मत ठाम होते आणि ते त्याने मासिकपत्रात दोनदा छापले होते. शिवाय डेलिंजर मिल बंद होते हेही त्याचेच वाक्य. सांगणे म्हणजे ते पाकीट त्याच्या कपाटात कायमचे मिटू देणे.

"देऊ नकोस, लॉवेल," ती म्हणाली. "आधी कडेनं दाबून आत बघ."

त्याने वेष्टन काढले, कडा दाबल्या, चष्मा कपाळावर चढविला आणि पाकीट नाकापाशी नेले. पाई विकणाऱ्या बाईने त्याला आणखी कॉफी हवी काय म्हणून विचारले, तेही त्याला ऐकू आले नाही.

"हे तू कधी पाहिलंस?"

"तू उचलायच्या आधी."

"आणि परत ठेवलंस?"

"ठेवलं."

"तुला नकोय असं त्याला वाटावं म्हणून?"

"हो."

लॉवेलचे खांदे हलू लागले. तो हसत होता. "व्हर्ना, तीस वर्षं तू हेच करत आलीस, आणि तीस वर्षं मला वाटायचं, तुला ते खरंच नको असतं. म्हणूनच उचलत होतो गं मी."

व्हर्नाला त्या क्षणी आपल्या हातून निसटलेल्या किती वस्तूंचा उलगडा झाला, ते ती पुढे कधीही पूर्णपणे मोजू शकली नाही.

मग लॉवेल गंभीर झाला. ज्याने हे पाकीट चिकटविले त्याचे ते शेवटचे काम, आपण ते उसवणारे कोण, हे त्याचे जुने मत त्याने पुन्हा सांगितले. त्यातही घरगुती शाई. दमट हवा लागली की पसरायची, आणि मग दोन्ही जन्म गेले. व्हर्नाने विनवणी केली नाही. हार्मनने मात्र, उघडायचे नसते तर तुम्ही लोक पाकिटे घेता तरी कशाला, असे विचारले. दोघांनीही त्याच्याकडे असे पाहिले की तो दुसरे बिस्किट आणायला गेला.

"उघडलं आणि तू खरी ठरलीस, तर मला अंकात लिहावं लागेल," लॉवेल हळूहळू म्हणाला. "उघडलं आणि तू खोटी ठरलीस, तर तुला गप्प बसावं लागेल. माझ्या मते तुझं काम जास्त अवघड आहे." त्याने पाकीट वेष्टनात सरकविले. "उद्या देवळातून थेट माझ्याकडे या. तुझा चष्मा आण, माझा मी कुणाला देत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळात जाण्यापूर्वी, लॉवेलने पत्र्याच्या डब्यात ओला स्पंज ठेवला, त्यावर तारेची जाळी, जाळीवर पाकीट, आणि झाकण लावले. दमट हवेने खळ सैल व्हावी, पण शाईला घाम फुटू नये, यासाठी वेळ नेमकी साधावी लागते. आणि त्या दिवशी ती वेळ उपदेशकाच्या स्वाधीन होती. त्यांनी सहनशीलतेवर प्रवचन आरंभिले. सहनशीलतेचे अनेक प्रकार असतात असे ते म्हणाले, आणि त्यांनी एकही वगळला नाही. हार्मन नेहमीच्या ठिकाणी झोपी गेला. पुढच्या बाकावर लॉवेलची मान ताठ होती. मानेच्या मागच्या बाजूला घाम आला होता, आणि व्हर्ना त्या घामाकडे पाहून स्पंजाचा विचार करीत होती. शेवटचे स्तोत्र सुरू झाले तेव्हा ती दोघे इतक्या जलद लयीत गाऊ लागली, की ऑर्गन वाजविणारीला त्यांना गाठणे भाग पडले.

लॉवेलच्या जेवणघरात खिडकीपाशी टेबल होते. त्याने कोट काढला नाही. डबा उघडला, पाकीट टिपकागदावर घेतले आणि हस्तिदंताची पातळ पट्टी कडेच्या जोडात घातली. पट्टी अडली. त्याने ती काढली, बोटे पुसली, पुन्हा घातली. खळ शंभराहून अधिक वर्षांची. ती कुरकुरली आणि मग अकस्मात, जणू तिलाच कंटाळा आला, तशी सुटली. एक बाजू मोकळी झाली. व्हर्नाने टेबलाची कड घट्ट धरली होती. दुसरी बाजू सुटली, आणि लॉवेलने पाकीट उलगडून सपाट केले. इतक्या वर्षांत प्रथमच त्या अक्षरांवर सूर्यप्रकाश पडला.

शाई पसरली नव्हती.

मध्यभागी काळ्या शाईत पत्ता होता: जोनस फ्रेव्हल, सैनिकी रुग्णालय, स्टॉंटन. वर डाव्या कोपऱ्यात, तपकिरी रंगात, ठसठशीत वळणाने: डेलिंजर मिल, व्हर्जिनिया, चार मार्च. उजवीकडे, जेथे तिकीट असावयाचे तेथे: दहा भरले, म्हणजे तिकिटाऐवजी दहा सेंट रोख.

"आहे," व्हर्ना म्हणाली. "लॉवेल, आहे."

"वर्ष नाहीये," लॉवेल म्हणाला.

"लॉवेल."

"थांब, मला माझं करू दे." त्याचे बोट कागदाला न टेकता आकड्यावर फिरत होते, आणि त्याचा स्वर चढत चालला होता. "युद्धाआधी इथून स्टॉंटनला तीन सेंट पडायचे. दहा पडणं शक्य नाही. दक्षिणेनं सरसकट दहा केले ते अठराशे बासष्टच्या जुलैपासून. म्हणजे हा मार्च त्रेसष्टचा, नाहीतर चौसष्टचा. म्हणजे पोस्ट चालू होतं. व्हर्ना, भर युद्धात पोस्ट चालू होतं." हे त्याने अशा आनंदाने सांगितले, की ते खोटे असल्याचे कोणी अन्य गृहस्थाने छापले होते असे वाटावे.

हार्मनने मागून विचारले, "आणि ते खाली बारीक काय लिहिलंय?"

दहा भरले या शब्दांखाली, घडीच्या सुरकुतीत, आणखी एक ओळ होती. लॉवेलने भिंग घेतले आणि देवळात धर्मग्रंथ वाचण्याचा जो स्वर तो राखून ठेवी, त्या स्वरात वाचले: "सॅरेप्टा डेलिंजर, पोस्टमास्तर नोआ डेलिंजर यांच्याकरिता."

व्हर्ना खुर्चीवर बसली, आणि लगेच उठली. तिने लॉवेलला पुन्हा वाचावयास सांगितले. त्याने पुन्हा वाचले. आजीने कधी ही सही पाहिली असेल काय? ती तेव्हा पाळण्यात असावी. चक्कीच्या घरघरीत एक तरुण स्त्री, पिठाने माखलेले हात पुसून, अक्रोडाच्या रंगात टाक बुडवून, रुग्णालयात पडलेल्या कोण्या शेजारपोराच्या पत्रावर आपले नाव लिहिते आहे. पैसे मिळाले, हिशेब चोख, जबाबदार मी. त्या पोराने ते पाकीट उलटविले आणि ते नाव आत सुखरूप झाकले. कृतज्ञता कधी कधी नकळतच घडते.

"बाई पोस्ट चालवणार आणि नाव नवऱ्याचं," हार्मन म्हणाला. "मला ही पद्धत पसंत आहे."

"तुझं नाव मी कशावर घालू? त्या बिस्किटांवर?"

लॉवेल केव्हाच टंकलेखन यंत्रापाशी बसला होता, अंगात कोट तसाच. पुढच्या अंकाची वाट पाहण्याइतकी सहनशीलता, इतके प्रवचन ऐकूनही, त्याच्यात आली नव्हती. आपले पूर्वीचे विधान चुकीचे असल्याचे त्याने पहिल्याच वाक्यात लिहिले. ते वाक्य त्याने कोणालाही मोठ्याने वाचून दाखविले नाही, पण लपविलेही नाही. मध्येच मान न वळविता, निशाणाचे पाकीट उद्या दुकानात आणून दे, असे त्याने बजावले. व्हर्नाने आनंदाने होकार दिला. मग ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मानेवर श्वास सोडू नकोस गं. चुका होतात माझ्या."

"तक्त्यात पोस्टमास्तरच्या रकान्यात काय लिहितोयस?"

"नोआ डेलिंजर. सरकारी यादीत त्याचंच आहे."

"त्या मार्चमध्ये नोआ कुठे होता?"

"सैन्यात."

"मग टपाल कुणी घेतलं? पैसे कुणी मोजले? नाव कुणी लिहिलं?"

"रकाना एकच आहे, व्हर्ना."

"मग एकच नाव लिही."

लॉवेलने क्षणभर त्या उलगडलेल्या पाकिटाकडे पाहिले. मग त्याने यंत्रातला कागद ओढून काढला, चुरगळला, आणि दुसरा कोरा चढविला. सर्व मजकूर त्याने पुन्हा पहिल्यापासून लिहिला. रकान्यापाशी आल्यावर त्याने तर्जनीने, एकेक अक्षर तोलून, सॅरेप्टा डेलिंजर असे टंकिले आणि त्यापुढे पूर्णविराम दिला. स्वयंपाकघरातून हार्मन विचारीत होता की या घरात रविवारी माणसे जेवतात की नाही. व्हर्ना लॉवेलच्या खांद्यावरून वाकून ते नाव वाचीत होती, आणि या वेळी तिच्या श्वासाबद्दल त्याने तक्रार केली नाही.